शिलकी अंदाजपत्रकाच्या पोटात शिरताना: नव्या नगरसेवकांसाठी

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बऱ्याच गावांत काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. त्यामुळे आज सभागृहात बसलेल्या अनेकांनी अंदाजपत्रकाची सभा कधी आतून पाहिलेली नाही. हातात जाडजूड बाड पडतं, त्यात लेखाशीर्षांच्या, म्हणजे जमा-खर्चाच्या एकेका बाबीच्या, रांगाच्या रांगा असतात, विषय तास-दोन तासांत संपतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं: ‘कोणतीही करवाढ नसलेलं शिलकी अंदाजपत्रक मंजूर’.

शिलकी असणं, म्हणजे कागदावर जमा खर्चापेक्षा जास्त दिसणं, हे नगरपरिषद सुस्थितीत असल्याचं लक्षण आहे, हा गैरसमज आधी काढून टाका. पुढच्या वर्षाचा बहुतेक पैसा सभेच्या आधीच कुठे ना कुठे बांधलेला असतो: पगारात, ठेक्यांत, वीजबिलात, अर्धवट कामांत. तुमच्या हातात उरतो तो थोडा भाग. तो किती आहे, हे स्वतः मांडून बघता आलं तर निम्मं काम झालं. खाली नगरपरिषद धरून लिहिलं आहे. महानगरपालिकेचा कायदा वेगळा, तारखा वेगळ्या, पण मजुरीचा आणि यंत्रांचा हिशेब सगळीकडे सारखाच.

आधी तारखा

नगरपरिषदेचं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम १०१ नुसार अंदाजपत्रक मुख्याधिकारी तयार करतात. ते स्थायी समितीपुढे जातं, तिथून सर्वसाधारण सभेपुढे येतं आणि फेब्रुवारी संपायच्या आत मंजूर व्हावं लागतं. महानगरपालिकांत आयुक्त स्थायी समितीला अंदाज सादर करतात, करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि अंतिम मंजुरी ३१ मार्चच्या आत.

म्हणजे फेब्रुवारीच्या सभेत पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्याला फारसं काही बदलता येत नाही. विभागांकडून मागण्या गोळा होतात त्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. आरोग्य, पाणीपुरवठा, बांधकाम, विद्युत या विभागप्रमुखांना तेव्हाच भेटा. प्रभागातली कामं लेखी द्या आणि प्रत घेऊन आवक क्रमांक टाकून घ्या. तोंडी सांगितलेलं काम मागणीपत्रकात येत नाही.

तीन कागद मागून घ्या

बाड वाचण्याआधी लेखा विभागाकडून तीन गोष्टी मागा: घरपट्टी-पाणीपट्टीचा मागणी-वसुली तक्ता, चालू असलेल्या सगळ्या ठेक्यांची यादी (मुदत कधी संपते यासह) आणि ३१ डिसेंबरअखेरची बँकनिहाय शिल्लक. शक्य झालं तर मागच्या लेखापरीक्षणाचे आक्षेपही. नगरसेवकाला हे मिळायला हवं. टाळाटाळ झाली तर पत्र द्या.

अंदाजपत्रकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे साधारण चार रकाने असतात: मागच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाची मंजूर तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. नवखा माणूस शेवटचा रकाना वाचतो. मुरलेला लेखापाल पहिला वाचतो. मागच्या वर्षी प्रत्यक्षात ४० लाख जमा झाले, चालू वर्षी ९० लाख धरले, सुधारित अंदाजात ते ४५ वर आले आणि पुढच्या वर्षी पुन्हा १ कोटी लिहिलेत, असं कुठे दिसलं की तिथे पेन्सिलीने खूण करा. शिल्लक बहुधा तिथूनच आलेली असते.

आरंभीची शिल्लक फोडून बघा

पहिल्याच पानावर ‘आरंभीची शिल्लक’ असते. समजा ती १२ कोटी आहे. त्यातले ९ कोटी विशिष्ट योजनांचे अनुदान असतील, दीड कोटी ठेकेदारांच्या अनामत आणि सुरक्षा ठेवी असतील, तर नगरपरिषदेचे स्वतःचे उरले दीड कोटी. अनुदान ज्या कामासाठी आलं त्याच कामाला लावायचं असतं आणि ठेवी परत करायच्या असतात. एकत्र बेरीज करून १२ कोटी दाखवले की शेवटी शिल्लक दिसणारच.

यावर सोपा उपाय आहे. आरंभीची शिल्लक आणि भांडवली अनुदानं (बांधकाम, यंत्रं अशा टिकाऊ गोष्टींसाठी आलेला पैसा) बाजूला ठेवा. फक्त महसुली, म्हणजे दरवर्षीच्या नेहमीच्या कारभाराची, जमा आणि महसुली खर्च समोरासमोर मांडा. खर्च जास्त निघाला तर अंदाजपत्रक मुळात तुटीचं आहे, मथळ्यात काहीही लिहिलेलं असो.

जमा: मागणी नव्हे, वसुली

घरपट्टीची चालू मागणी ३ कोटी आणि थकबाकी २ कोटी असेल तर अंदाजपत्रकात ५ कोटी जमा धरण्याचा मोह होतो. थकबाकीत कोर्टात अडकलेल्या मालमत्ता असतात, दुबार नोंदी असतात, पडलेली घरं असतात. गेल्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली काढा, चालू आणि थकीत वेगवेगळी. त्या सरासरीच्या फार वर जाऊ नका. वसुली वाढवायची असेल तर त्यासाठी काय करणार, हे सभेत विचारा: जप्तीच्या नोटिसा, नळजोडणी तोडणं, चतुर्वार्षिक कर आकारणी वेळेवर करणं. आकारणी लांबली की नवी बांधकामं जुन्याच दराने राहतात आणि तो तोटा कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

घरपट्टीच्या बिलातच शिक्षण कर आणि रोजगार हमी कर वसूल होतो. हा पैसा शासनाचा, नगरपरिषदेने फक्त गोळा करून भरायचा. तो आपल्या उत्पन्नात मिसळलेला नाही ना, हे बघा.

नगरपालिका क्षेत्रातली जकात १ ऑगस्ट १९९९ पासून बंद झाली. तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येतं आणि कायम कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः त्यावर चालतात. हे अनुदान उशिरा आलं की पगार उशिरा होतात, आणि मग स्वतःच्या निधीतून तात्पुरते पैसे वळवले जातात. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात छोट्या शहरांच्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेले होते, ४० टक्के मोकळे. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. जुनी टक्केवारी डोळे झाकून पुढे ओढलेली नाही ना, ते तपासा आणि नव्या अटींचं पत्रक मागा.

पाणीपट्टीबद्दल एकच सांगतो. पाणीपट्टीची वसुली एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला पंपांचं महावितरणचं बिल, तुरटी, क्लोरिन, गळती दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्या माणसांचा खर्च लिहा. हा तक्ता सभेत वाचून दाखवा. पाणीपट्टीवर बोलायला कोणालाच आवडत नाही, पण बहुतेक गावांत सगळ्यात मोठं भोक तिथेच असतं.

ठेक्यावरची माणसं: हा हिशेब स्वतः करा

कायम सफाई कामगार निवृत्त होत गेले, नवी भरती अडली आणि झाडलोट, घंटागाडी, गटारसफाई, पाणीपुरवठा, संगणकचालक अशी बरीच कामं ठेक्यावर गेली. त्यामुळे पगाराचा खर्च ‘आस्थापना’ या शीर्षाखाली कमी दिसतो आणि ‘घनकचरा व्यवस्थापन’ किंवा ‘बाह्यस्रोत’ या नावाखाली वाढतो. दोन्ही एकत्र करून पाहिल्याशिवाय माणसांवर किती जातं ते कळत नाही.

आता आकडे. सोयीसाठी कामगाराचं महिन्याचं किमान वेतन विशेष भत्त्यासह १५,००० रुपये धरू. तुमच्या गावाचा खरा दर कामगार आयुक्तालयाच्या चालू पत्रकातून घ्या, गाव कोणत्या परिमंडळात येतं त्यावर तो ठरतो. गावाला रोज ४० माणसं झाडायला हवीत. कच्चा हिशेब करणारा लिहितो: १५,००० × ४० × १२, म्हणजे ७२ लाख. तरतूद ७२ लाखांची होते आणि डिसेंबर-जानेवारीत पैसे संपतात.

यात काय राहिलं? भविष्य निर्वाह निधीत मालकाचा हिस्सा १२ टक्के. त्यावर ठेव संलग्न विमा आणि प्रशासकीय आकार धरून एकूण १३, म्हणजे १,९५० रुपये. राज्य विमा योजनेचे म्हणजे ईएसआयचे ३.२५ टक्के, सुमारे ४८८ रुपये. किमान बोनस ८.३३ टक्के, सुमारे १,२५० रुपये. एका माणसाचा खर्च झाला १८,६८७ च्या आसपास. ठेकेदाराचा सेवा आकार ५ टक्के धरला तर १९,६२१ रुपये. चाळीस माणसांचं वर्ष: सुमारे ९४ लाख १८ हजार.

अजून एक गोष्ट राहिली. कचरा रविवारीही पडतो. कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यायची तर रोज ४० माणसं उभी राहण्यासाठी पटावर ४७ लागतात. ४७ माणसांचं वर्ष म्हणजे सुमारे १ कोटी १० लाख ६६ हजार. कच्च्या हिशेबापेक्षा ३८ लाखांहून जास्त. ही तफावत कोणाच्या तरी पोटातून निघते. आणि ते पोट ठेकेदाराचं नसतं.

किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. निविदेत ‘भत्त्यातली वाढ प्रत्यक्षाप्रमाणे दिली जाईल’ अशी अट आणि अंदाजपत्रकात त्यासाठी थोडी जास्तीची तरतूद, दोन्ही ठेवा. नाहीतर ठेकेदार वाढ देत नाही, कामगार संप करतात आणि ऐन गणपतीत कचऱ्याचे ढीग साचतात.

निविदा कशी काढली जाते तेही बघा. एकूण रकमेवर कमीत कमी दर मागवला तर कोणीतरी इतका कमी दर भरतो की त्या पैशात किमान वेतन बसतच नाही. ही वजाबाकी कामगाराच्या पगारातून होणार, हे टेबलावर बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं. त्यापेक्षा वेतन, पीएफ, ईएसआय आणि बोनस हे घटक निविदेतच ठरवून द्यावेत, स्पर्धा फक्त सेवा आकारावर ठेवावी आणि शून्य किंवा नगण्य सेवा आकार भरणारा बाद होईल अशी अट घालावी. मनुष्यबळाच्या त्या ठेक्यावर जीएसटी लागतो की सूट आहे, याचं लेखापालाकडून लेखी मत निविदेआधीच घ्या. स्वच्छतेसाठीचं निव्वळ मनुष्यबळ आणि गाड्या-साहित्यासह घेतलेलं काम, यांना नियम एकच लागत नाही.

आणि बिल देताना ठेकेदाराचा कोरा शिक्का पुरेसा नाही. पीएफचं ईसीआर चलान (कामगारवार भरणा दाखवणारं ऑनलाइन विवरण) नावानिशी आणि यूएएन म्हणजे कामगाराच्या पीएफ क्रमांकासह, ईएसआयचं चलान, बँकेतून पगार जमा झाल्याची यादी, हजेरी. हे चार कागद जोडल्याशिवाय बिल पुढे जाऊ नये असा ठराव करून ठेवा. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मूळ मालक म्हणून नगरपरिषदेवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही ती आहे. संहितांमुळे आणखी एक फरक पडला. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवून पीएफ वाचवणारे जुने तक्ते आता चालणार नाहीत. तुमच्या गावात जुनाच तक्ता नव्या निविदेला जोडला जातोय का, ते बघा.

ठेक्याची मुदत ही वेगळीच गोष्ट. चालू ठेका जूनमध्ये संपत असेल आणि नवीन निविदेची तयारी मेमध्ये सुरू झाली, तर मुदतवाढ अटळ असते. मुदतवाढ म्हणजे जुना दर, जुना माणूस, नवी स्पर्धा नाही. अंदाजपत्रक मंजूर होताना प्रत्येक ठेक्यापुढे त्याची शेवटची तारीख लिहून घ्या आणि निविदा प्रक्रिया त्याआधी चार-पाच महिने सुरू होईल असं ठरवा. नालेसफाईला तर हे दुप्पट लागू. पाऊस जूनमध्ये येणार हे सर्वांना ठाऊक असतं, तरी कार्यारंभ आदेश मेच्या शेवटच्या आठवड्यात निघतो.

यंत्रं आणि वाहनं

अनुदान आलं, गाड्या घेतल्या, नारळ फुटला, फोटो निघाला. वर्षभराने त्याच गाड्या नगरपरिषदेच्या आवारात टायर सपाट होऊन उभ्या. असं दृश्य तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. खरेदीला भांडवली अनुदान मिळतं, पण चालक, इंधन, विमा, दुरुस्ती यांचा खर्च महसुली, म्हणजे स्वतःच्या खिशातून. बैल घेतला आणि वैरणीला पैसा ठेवला नाही, असा प्रकार.

म्हणून प्रत्येक यंत्राच्या मागणीसोबत एक पान मागा: पुढच्या पाच वर्षांत ते चालवायला काय लागेल. दहा घंटागाड्या, प्रत्येकी रोज ४० किलोमीटर, लिटरला १२ किलोमीटर, डिझेल ९० रुपये असं धरलं तर रोज ३,००० रुपये, वर्षाला १० लाख ९५ हजार. हे फक्त इंधन. वर दहा चालक, सुट्टीच्या बदलीसाठी आणखी दोन, शिवाय मदतनीस. माणसांचा हिशेब वर केलाच आहे, त्याच दराने मांडा. जेटिंग मशीन (पाण्याच्या दाबाने गटार मोकळं करणारं), सक्शन गाडी (मैला ओढून घेणारी), कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणारी गाडी) यांना तर प्रशिक्षित चालक हवा. तो नसेल तर ठेकेदाराकडून चालक-इंधनासह भाड्याने घेणं स्वस्त पडतं का, ते मांडून बघा. कधी पडतं, कधी नाही. पण मांडल्याशिवाय खरेदीला हात वर करू नका.

जुन्या वाहनांचं आरसी बुक मागा. १ एप्रिल २०२३ पासून शासकीय आणि स्थानिक संस्थांच्या १५ वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, ती नोंदणीकृत केंद्रातच मोडीत काढावी लागतात. २०११-१२ मध्ये घेतलेला पाण्याचा टँकर पुढच्या दोन वर्षांत रस्त्यावरून जाणार असेल, तर त्याची बदली आत्ताच्या अंदाजपत्रकात दिसायला हवी. टँकर नसेल तर मार्च-एप्रिलच्या टंचाईत खाजगी टँकरचा दर कोण ठरवणार?

गटार आणि मैलाटाकी उपसण्याची यंत्रं मात्र ‘पैसा उरला तर’ या यादीत टाकू नका. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूसाठी भरपाईची रक्कम ३० लाख रुपये केली. यंत्र स्वतःचं नको असेल तर शेजारच्या नगरपरिषदेबरोबर भागीदारी करा किंवा मागणीनुसार भाड्याचा करार ठेवा. पण माणसाला आत उतरवण्याची वेळ येणार नाही, याची तरतूद कागदावर हवी. सुरक्षा साधनांचीही: बूट, हातमोजे, मास्क, रेनकोट. रेनकोट ऑगस्टमध्ये वाटून उपयोग नाही.

खरेदीची पद्धत ठरलेली आहे: जेम हे केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल, ठरलेल्या रकमेच्या मर्यादेवर महाटेंडर या राज्याच्या निविदा संकेतस्थळावर ई-निविदा, राज्याच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेतले नियम आणि त्यानंतरच्या सुधारणा. मर्यादा बदलत असतात, चालू शासन निर्णय भांडार विभागाकडून घ्या. दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, मोठी खरेदी छोटे तुकडे पाडून मर्यादेखाली आणली आहे का? एकाच महिन्यात एकाच प्रकारच्या दिव्यांच्या चार खरेद्या दिसल्या तर विचारा. दोन, तांत्रिक तपशील एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून उतरवलेत का? यंत्राची लांबी मिलिमीटरपर्यंत लिहिलेली असली की उत्तर बहुधा ‘हो’ असतं. वॉरंटीनंतरचा देखभाल करार, सुटे भाग मिळण्याची हमी आणि गाडी किती दिवसांत दुरुस्त करून द्यायची, हे निविदेतच लिहून घ्यावं.

राखीव टक्के आणि अर्धवट कामं

महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, दुर्बल घटकांसाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. ही टक्केवारी कशावर मोजली, ते विचारा. मागच्या वर्षी यातले किती खर्च झाले तेही विचारा, कारण तरतूद दरवर्षी होते आणि दरवर्षी पडून राहते.

अर्धवट कामांची दायित्वं वेगळी काढा. कार्यारंभ आदेश दिलेली पण बिलं न निघालेली कामं नव्या वर्षाचा पैसा आधी खातात. नव्या कामांची यादी त्यानंतर. प्रत्येक नव्या कामासमोर जागा ताब्यात आहे का, त्या कामाच्या खर्चाच्या अंदाजाला तांत्रिक मंजुरी आहे का, हे दोनच रकाने जोडा. यादी आपोआप निम्मी होते. उगाच एक लाखाची ‘टोकन’ तरतूद ठेवून प्रभागाला खूश करण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. नागरिक पाच वर्षं त्या रस्त्याची वाट बघत राहतात.

सभेत आणि सभेनंतर

सभेत भाषण करायचं तर करा, पण उपसूचना लेखी आणि लेखाशीर्षासह द्या: अमुक शीर्षातून इतके कमी करून तमुक शीर्षात इतके वाढवावेत. पैसा कुठून आणायचा हे न सांगता केलेली वाढीची मागणी इतिवृत्तात जाते, अंदाजपत्रकात जात नाही. ठेक्याची तरतूद कमी करून रस्त्याला पैसे द्यायची सूचना आली, तर वरचा ४७ माणसांचा हिशेब सभेत मोठ्याने वाचा.

एप्रिलपासून दर तिमाहीला जमा-खर्चाचा तक्ता सभेपुढे ठेवावा, असा ठराव पहिल्याच वर्षी करून घ्या. जुलैमध्ये वसुली कुठे आहे हे कळलं तर ऑक्टोबरमध्ये काही करता येतं. फेब्रुवारीत कळलं तर फक्त सुधारित अंदाज लिहिता येतो. तरतूद एका शीर्षातून दुसरीकडे वळवायची असेल तर पुनर्विनियोजनाचा विषय सभेपुढे यायला हवा. तो कार्योत्तर मंजुरीसाठी, खर्च झाल्यावर आणला जात असेल तर विरोध नोंदवा. आणि मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात यंत्रखरेदीची बिलं आली, तर मंजुरी देण्याआधी ते यंत्र आवारात आलंय का आणि भांडार नोंदवहीत त्याची नोंद झालीय का, हे स्वतः जाऊन बघा.